आपला बांध खाडीतून पाहिलात का?

वैशाख निम्मा सरला की खारेपाटातल्या शेतकऱ्याच्या हाताला थोडी उसंत मिळते. पेंढ्याच्या उडव्या रचून झालेल्या असतात, लग्नसराई आवरत आलेली असते आणि मृगाला अजून तीन आठवडे अवकाश असतो. आमच्या हमरापूरकडे मात्र उसंत कमी. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांत घरोघरी गणपतीचे कारखाने, आणि ओटीवर, पडवीत, मांडवात मूर्ती वाळत ठेवलेल्या. पण हीच गावे मागे टाकून पश्चिमेला उतरलात की खार लागते. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या, कडेकडेने मिठाची पांढरी झाक, आणि सगळ्याच्या शेवटी मातीची एक लांबलचक उंच रेघ. तो आपला बांध. त्याच्या पलीकडे खाडी.

शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, आज तुम्हांला एक साधा प्रश्न विचारतो. हा बांध तुम्ही पलीकडून, म्हणजे खाडीच्या पाण्यावरून, कधी पाहिला आहे का?

मला विचाराल तर मीही नोकरीची पुष्कळ वर्षे तो पाहिला नव्हता. बांधावरून चाललो, बांधावर बसून भाकरी खाल्ली, बांधावर सभा घेतल्या. पण नजर नेहमी आतल्या बाजूला, पिकाकडे. शेवटी एका वैशाखात दोन लहान शिडाच्या होड्या घेऊन आम्ही आठजण चार दिवस खाडीतून फिरलो. त्या चार दिवसांत जे दिसले ते तुम्हांला सांगतो. त्यापूर्वी ही सफर का काढली, ते सांगणे भाग आहे.

एक चूक

काही वर्षांपूर्वी एका खारीत आम्ही भाताचे प्रात्यक्षिक घेतले. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीसाठी पनवेल १, पनवेल २, पनवेल ३ अशा जाती काढल्या आहेत. त्यांतली एक जात दहा शेतकऱ्यांच्या शेतांत लावली. त्यांतल्या एका काकींनी मला पेरणीआधी विचारले होते, "साहेब, बांध टिकंल ना?" मी बांधावरून एक चक्कर मारली. माथा सपाट, गवत हिरवेगार, पायवाट पक्की. म्हटले, "काकी, बांध चांगला आहे. बिनघोर पेरा."

पीक पोटरीला आले आणि श्रावणी अमावस्येच्या उधाणात रात्री बांधाला खांड पडली. सकाळी जाऊन पाहतो तो भातावर कमरेएवढे खारे पाणी. त्या वर्षी खांड बांधून झाली नाही, पुढच्या वर्षी ती दुप्पट रुंद झाली, आणि त्यानंतर शेतात कांदळ उगवले. खारे सहन करणारी जात झाली तरी ती खाडीच्या तळाशी थोडीच पिकणार? गावाचे नाव सांगत नाही. चूक माझी होती. मी बांध पाहिला होता, पण अर्धाच.

हे एकदा बोलता बोलता मी एका म्हाताऱ्या तांडेलांना सांगितले. ते हसले नाहीत. म्हणाले, "सायेब, भिंत आपन आतून सारवतो, पन पाऊस भायेरून लागतो." आणि त्यांनीच सुचवले की होडीतून या, दाखवतो.

पाणी पंचांग पाळते

दोन होड्या ठरल्या. यंत्राशिवाय, शिडाच्या. आता खाडीत शीड फारसे दिसत नाही. बहुतेक होड्यांना यंत्र आहे. पण यंत्राची होडी सरळ आणि वेगाने जाते. आम्हांला काठाकाठाने, हळूहळू, थांबत थांबत जायचे होते. तांडेलांनी जुनी डोलकाठी आणि शीड माळ्यावरून काढले. माणसे आठ : दोन तांडेल, चार शेतकरी, मी आणि त्याच काकी. त्या स्वतःहून म्हणाल्या, "मला यायचंय." नाही म्हणायचे तोंड मला नव्हते.

दिवस धरला वैशाख वद्य सप्तमीचा. का, ते नीट समजून घ्या, कारण यातच सगळी गोम आहे.

आपल्या मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला दिवसातून दोनदा भरती येते. अमावस्येला आणि पौर्णिमेला ती साधारण दुपारी बाराला व रात्री बाराला पूर्ण होते. तिथून पुढे प्रत्येक तिथीला सुमारे पाऊण तास उशीर. म्हणून कोळी बांधवांचा हिशेब असा : तिथीला तीनने गुणावे, चाराने भागावे, येईल ती भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर व अमावस्येनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. खाडीत जितके आत जावे तितका थोडा उशीर धरावा.

दुसरी गोष्ट. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी खूप चढते आणि खूप उतरते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास ते कमी चढते, कमी उतरते, तो भांग. भांगाला ओढ कमी, म्हणून लहान होडीला ते दिवस बरे.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. उन्हाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मंद वारा वाहतो, तो मतलई. अकरा-बारानंतर तो पडतो आणि समुद्राकडून, पश्चिम-वायव्येकडून, जोराचा खारा वारा सुटतो. आता बेरीज करा. सप्तमी-अष्टमीला पहाटे पाच-सहाला भरती पूर्ण होते, मग दुपारपर्यंत ओहोटी. म्हणजे सकाळी पाणीही समुद्राकडे आणि वाराही समुद्राकडे. दुपारनंतर पाणीही आत आणि वाराही आत. ज्या काळी यंत्र नव्हते त्या काळी पेणच्या अंतोरा बंदरातून भात आणि मीठ घेऊन मुंबईला जाणारे मचवे-पडाव याच हिशेबावर चालत. आणि मंडळी, हाच हिशेब तुमच्या बांधाचाही आहे. बांध फुटतो तो वाटेल त्या दिवशी नाही. तो बहुधा उधाणाच्या भरतीला फुटतो, आणि त्या भरतीची वेळ तुमच्या घरातल्या भिंतीवरच्या पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते.

पहिला दिवस : दादर ते रावे

आदल्या दिवशी दादर सागरी पोलीस ठाण्यात नावे कळवली. प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट घेतले. खारेपाटात वैशाखात गोड्या पाण्याची किती ओढ असते हे तुम्हांला सांगायला नको, म्हणून प्यायचे पाणी घरूनच भरून घेतले. बरोबर तांदळाच्या भाकऱ्या, सुकट, कांदा आणि पेणचे पोहे.

पहाटे पाणी फिरले तसे दादरहून सुटलो. उजाडता उजाडता शीड चढवले. मतलई अगदी हलकी होती, पण ओहोटीची ओढ मिळाल्यावर वल्ह्याला हात लावायची गरज पडली नाही. होडीच्या नाळेला पाणी चुळचुळ वाजत होते, एवढाच काय तो आवाज.

तासभर बांध आतून दिसतो तसाच दिसत होता : वर गवत, खाली पाणी. मग पाणी उतरू लागले आणि बांधाचे पोट उघडे पडले. बरोबरचे चारही शेतकरी गप्प झाले. ज्या बांधाच्या माथ्यावरून बैलगाडी जावी, त्याच बांधाचे पोट खाली लाटांनी खाऊन टाकलेले. माथा पुढे आलेला, खाली पोकळ, जणू घराची ओसरी. वरून चालणाऱ्याला यातले काही दिसत नाही. त्याला दिसते ते गवत.

त्याहून वाईट म्हणजे बिळे. खेकड्यांची आणि उंदरांची. आमच्यातला एक तरुण बिळे मोजायला बसला आणि थोड्या वेळाने त्याने नाद सोडला. सगळीच बिळे घातकी नसतात. ओळखायचे कसे, ते तांडेलांनी दाखवले. ओहोटी लागून तास-दोन तास झाले, बांधाचा बाहेरचा अंग वाळू लागला, तरीही ज्या बिळातून पाणी ठिबकत राहते ते बीळ खोल. भरतीचे पाणी त्यातून बांधाच्या पोटात शिरले होते, ते आता परत येते आहे. असे बीळ आतल्या बाजूने आरपार व्हायला एखादे उधाण पुरते. आरपार झाले की पाण्याची धार माती वाहून नेते, धारेचा पाट होतो आणि पाटाची खांड.

अशा प्रत्येक ठिकाणी आम्ही काठी रोवून तिला लाल चिंधी बांधली. वहीत खूण लिहिली : अमुक झाडासमोर, तमुक उघाडीपासून इतक्या पावलांवर.

आणखी एक गोष्ट दिसली. जिथे बांधापुढे तिवर-कांदळाचा दाट पट्टा होता, तिथे पोट शाबूत होते. लाट झाडांत शिरून मरते, बांधापर्यंत पोचतच नाही. जिथे पट्टा नव्हता, तिथे बांध खाल्लेला. आपल्यातले काही जण सरपणासाठी बांधापुढचे कांदळ तोडत आले. ते तोडायला कायद्याने बंदी आहेच, पण कायदा बाजूला ठेवला तरी बांधापुढचे कांदळ तोडणे म्हणजे आपल्याच घराचे कूड काढून चुलीत घालणे आहे.

दुपारी वारा फिरला तसे रावे गाठले. पलीकडे उरणच्या बाजूला वशेणी-पुनाड्याचा काठ. तिथल्या शेतकऱ्यांचे दुखणेही आपल्यासारखेच. खाडी एक, दोन्ही काठांना रोग एक.

दुसरा दिवस : करंजा

अष्टमीला सहाच्या सुमारास पुन्हा ओहोटीवर निघालो. पाताळगंगेचे पाणी मागे पडले आणि धरमतरची खाडी रुंदावत गेली. उजवीकडे द्रोणागिरीचा डोंगर, डावीकडे लांब कनकेश्वर. या दोन खुणा धरून जुने तांडेल वाट काढत.

आमची एक चूक झाली. काठ पाहण्यात वेळ गेला आणि करंजा हाताशी असताना साडेअकराला वायव्येचा वारा सुटला. पाणी बाहेर जात होते, वारा आत येत होता. असे समोरासमोर आले की पाणी उभे राहते. आखूड, खड्या लाटा. लगोलग शीड उतरवले, वल्ही घेतली. पाऊणएक तास दोघे वल्हवत होते आणि दोघे डब्याने पाणी उपसत होते. काकींनी डबा हातातून सोडला नाही. करंज्याच्या धक्क्याला लागलो तेव्हा सगळे नखशिखांत भिजलेले.

रात्री तिथल्या कोळी बांधवांत बसलो तेव्हा बोलणे आपसूक 'रामदास' बोटीवर गेले. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला येणारी ही आगबोट भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. या काठावरच्या कित्येक घरांत ती आठवण अजून निघते. तेव्हा एक पक्के ध्यानात धरा : मी सांगतो आहे ती सफर उन्हाळ्यातली, भांगाच्या दिवसांतली आणि खाडीतली आहे. मृगानंतर लहान होडी काढण्याचा विचारसुद्धा मनात आणू नका.

तिसरा दिवस : रेवस ते धरमतर

नवमीला सकाळच्या मतलईवर खाडी ओलांडून रेवसच्या बाजूला आलो. आता अलिबागचा खारेपाट. आज घाई नव्हती. एकच्या सुमाराला पूर्ण ओहोटी होती, आणि आम्हांला नेमकी तीच वेळ गाठून उघाड्या पाहायच्या होत्या.

उघाडी म्हणजे खारीचे तोंड. तिची झडप खाडीच्या बाजूला टांगलेली असते. भरतीचे पाणी तिला बाहेरून दाबून बंद करते, ओहोटीला आतले पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर पडते. किती साधी आणि हुशारीची रचना! पण त्या दिवशी माणकुळ्याच्या अलीकडे-पलीकडे ज्या उघाड्या पाहिल्या, त्यांतल्या दोनांत प्लॅस्टिकचे गाठोडे आणि लाकडाचा ओंडका अडकला होता. झडप दोन बोटे उघडी. दोन बोटांतून दिवसातून दोनदा खारे पाणी आत. शेतकरी म्हणतो, माझी जमीन आपोआप खारावत चालली. आपोआप काही होत नाही. आणखी एका उघाडीपुढे गाळाचा ढीग साचला होता. तिथे उलटे दुखणे : झडप उघडतच नाही, आणि पावसाळ्यात गोडे पाणी तुंबून रोप कुजते.

दोनच्या सुमारास भरती लागली. वायव्येचा वारा पाठीमागून आला, दोन्ही होड्यांची शिडे फुगली, आणि चार दिवसांतला सगळ्यांत सुखाचा प्रवास झाला. शहापूर, धेरंडची खार डाव्या-उजव्या वळणांनी मागे सरत होती. इथल्या गावांत बांधालगत जिताड्याची तळी आहेत. मध्येच मालाने भरलेली अवजड बार्ज गेली आणि तिच्या लाटा बांधावर जाऊन आपटल्या. दिवसभरात अशा किती जात असतील, आणि त्या मातीला किती सोसावे लागत असेल, हे होडीत बसल्यावर अंगाला कळते.

याच भागात चरी गाव. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी तिथे सभा भरली आणि नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली पंचवीस गावांच्या कुळांनी खोतांच्या जुलमाविरुद्ध शेती न करण्याचा निर्धार केला. तो १९३९ पर्यंत, सहा वर्षे, टिकला. लोकांनी जंगलातला लाकूडफाटा विकून दिवस काढले, पण माघार घेतली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू घेतली आणि १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ज्या जमिनीसाठी आपल्या आजोबा-पणजोबांनी सहा वर्षे उपास काढले, ती जमीन खेकड्याच्या बिळातून वाहून जावी, याला काय म्हणावे?

पूर्वी खारेपाटात जोळ होता. खारीत ज्याची जमीन, त्याच्या घरातले माणूस बांधाच्या कामाला आलेच पाहिजे, अशी रीत. कोण कुठल्या पट्ट्याची राखण करणार हे ठरलेले. पुढे १९४८ साली खार जमिनींचा कायदा झाला, १९७९ साली महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम आला, मोठ्या बांधांची कामे सरकारी योजनांत गेली. मोठे काम सरकारनेच करायला हवे, यात वाद नाही. पण मोठे काम सरकारचे म्हणून लहान बीळही सरकारचेच, असे आपण मानू लागलो. तिथे घात झाला.

हॉलंड देशाचे उदाहरण घ्या. तिथली पुष्कळशी शेती समुद्राच्या पातळीखाली आहे. तिथे शेतकऱ्यांनी पाण्याच्या कामासाठी पंचायती स्थापल्या, त्यांतल्या काही सातशे वर्षांहून जुन्या आहेत, आणि आजही त्या कर गोळा करून बांधांची पाहणी करतात. एवढे असूनही १९५३ च्या ३१ जानेवारीच्या रात्री उधाणाची भरती आणि वायव्येचे वादळ एकाच वेळी आले. बांध ठिकठिकाणी फुटले आणि त्या देशात १,८३६ माणसे मेली. उधाण आणि वादळ एकत्र येणे ही शेतकऱ्याची खरी काळरात्र. आपल्याकडे निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला आले, तेव्हा वटपौर्णिमा दोनच दिवसांवर होती. तेव्हा तिथीकडे लक्ष ठेवणे हे जुनाट माणसांचे वेड नव्हे.

संध्याकाळी धरमतरला नांगर टाकला.

चौथा दिवस : काकींची खार

दशमीला सकाळच्या ओहोटीवर धरमतर सोडले. दुपारच्या भरतीने भोगावतीच्या खाडीत शिरून पेणजवळ अंतोऱ्याला सफर संपवायची होती. वाटेत काकींची खार लागली.

खार कसली, कांदळाचे रानच. पुरुषभर उंच झाडे. मध्ये खांडीचे तोंड, आमच्या दोन्ही होड्या शेजारी शेजारी सहज आत जाव्यात एवढे रुंद. पाणी तिथून दिवसातून चारदा जाते-येते : दोनदा आत, दोनदा बाहेर. म्हणूनच खांड पहिल्या दिवशी चार माणसांनी बुजते, आठव्या दिवशी चाळीस लागतात, आणि वर्षाने यंत्रेही कमी पडतात. कांदळ एकदा उगवले की ते तोडता येत नाही, आणि न तोडता शेत काढता येत नाही. सातबारावर भातशेती, डोळ्यांपुढे जंगल. अशी कितीतरी शेते या खाडीकाठी आहेत.

काकींनी एक वाळलेले खोड दाखवले. "ती आमची बोर. तिच्याखाली जेवायचो आम्ही." मग थोड्या वेळाने माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, "साहेब, त्या वर्षी हे इकडून बघितलं असतंत तर?"

मी काय उत्तर देणार? मी गप्प राहिलो.

पण त्या तिथे थांबल्या नाहीत. शेजारच्या खारीकडे बोट करून म्हणाल्या, "तो बांध बघा." शेजारची खार अजून जिवंत होती, दर वर्षी भात पिकते. आणि तिच्या बांधाचे पोट अगदी तसेच पोकळ, त्यात तीन बिळे, तिन्ही ठिबकणारी. आम्ही होडी लावली, चिखलात उतरून काठ्या रोवल्या. चिंध्या संपल्या होत्या. काकींनी पदराची कड फाडून दिली.

अमावस्येला पाच दिवस होते. त्याच संध्याकाळी आम्ही त्या गावात गेलो. आधी लोक म्हणाले, बांध तर चांगला आहे! तेच शब्द, जे एके काळी मी बोललो होतो. मग दुसऱ्या दिवशी तिथल्या चार माणसांना होडीतून नेऊन दाखवले. पुढे बोलावे लागले नाही. तीन दिवस चाळीसएक माणसे, बायका-पुरुष, फावडी-घमेली घेऊन उतरली. नुसती बिळाची तोंडे लिंपली नाहीत, तर प्रत्येक बीळ शेवटापर्यंत खणून काढले आणि खाडीचा चिकण चिखल थराथराने तुडवून भरला. मोठ्या दुरुस्तीसाठी नकाशा काढून, खुणा लिहून लेखी अर्ज दिला. अमावस्येच्या उधाणाला रात्री बाराला आम्ही कंदील-विजेऱ्या घेऊन बांधावर बसलो होतो. पाणी माथ्याच्या हातभर खाली येऊन थांबले आणि परत फिरले. आतली माती कोरडी होती.

तुम्ही काय करावे

चार दिवसांची सफर सगळ्यांना जमणार नाही, आणि जरुरीही नाही. आपल्या खारीपुरती अर्ध्या दिवसाची फेरी पुरे. मात्र ती अशी करा.

पहिले, दिवस वैशाखातला, सप्तमी ते दशमीच्या दरम्यानचा धरा. पूर्ण भरतीनंतर तासाभराने निघा, म्हणजे पाणी उतरताना बांधाचे पोट उघडे पडत जाईल. अकराच्या आत परत फिरा किंवा काठाला लागा.

दुसरे, होडी आणि माणूस जाणता हवा. गावातल्या कोळी बांधवांना मानाने बोलवा. त्यांना खाडी ठाऊक आहे, तुम्हांला जमीन ठाऊक आहे. बांध दोघांच्या मध्ये आहे. जाकिटाशिवाय कोणालाही बसवू नका आणि जाताना गावात सांगून जा.

तिसरे, चार गोष्टी वहीत लिहा : खाल्लेले पोट, ठिबकणारी बिळे, अडकलेली किंवा गाळाने बुजलेली उघाडी, आणि बांधापुढे कांदळ नसलेली जागा. प्रत्येकीला खूण.

चौथे, लहान कामे पुढच्या उधाणाआधी गावाने करावीत. मोठी कामे ग्रामसभेत ठरावाने मांडून खारभूमी खात्याकडे लेखी द्यावीत. "बांध नादुरुस्त आहे" असे मोघम लिहू नका. कुठे, किती लांब, काय झाले आहे, हे लिहा. नेमक्या अर्जाला टाळणे अवघड जाते.

पाचवे, खारे पाणी शिरलेच तर हातपाय गाळू नका. त्याच दिवशी खांड बुजवा. उन्हाळ्यात शिरलेले खारे पाणी पावसाने धुऊन निघू शकते. पहिल्या चांगल्या पावसाचे पाणी खाचरात साठवा, दोन दिवस राहू द्या, ओहोटीला उघाडीतून सोडून द्या. असे दोन-तीनदा करा. मग मातीची तपासणी करून, खारे सोसणाऱ्या जातीचे मोड आलेले बी रहू पद्धतीने टाका. उन्हाळ्यात जमीन उघडी तापू दिली तर खालचे मीठ वर चढते, म्हणून जमेल तिथे पेंढ्याचे आच्छादन ठेवा.

आणि सहावे, या फेरीला घरातल्या बायकांना नेल्याशिवाय जाऊ नका. खारीत लावणी त्या करतात, काढणी त्या करतात, बांधावरून रोज डोक्यावर भारा घेऊन त्याच जातात. बांधाचा कुठला भाग पायाखाली दबतो, हे त्यांच्या पायांना आपल्याआधी कळते.

काकींचे शेत परत आलेले नाही. ते येईल असे खोटे आश्वासन मी त्यांना दिले नाही. पण दर वैशाखात त्या शेजारच्या खारीच्या फेरीला होडीत बसतात, आणि ठिबकणारे बीळ पहिल्यांदा त्यांनाच दिसते. आता कोणी मला विचारले, "साहेब, बांध टिकंल ना?" तर मी लगेच उत्तर देत नाही. आधी विचारतो, आज तिथी कोणती, आणि होडी कोणाची मिळेल?

पंचांग काढा. यंदाच्या वैशाखातली वद्य अष्टमी कधी आहे ते आजच पाहून ठेवा.